सावलीतला कोपरा

४ ऑगस्ट

धाकल्या,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. अक्षराकडे बघून काही तर्क काढू नकोस. सकाळभर गवत कापायचं यंत्र धरलं की दुपारी माझं अक्षर असंच येतं.

परवा दवाखान्यात मी जे बोललो ते त्या जागी बोलायला नको होतं, एवढं कबूल करतो. तुझा भिंगरी आत मशिनखाली आडवा, त्याची आई बाकावर डोळे मिटून बसलेली, आणि तू मला विचारलंस, "दादा, मैदानात काही होतं का रे?" तू साधं विचारलंस. भडकलो मीच. "माझ्या मैदानाला नावं ठेवू नकोस, आधी पोराचे बूट बघ," असं तावातावानं म्हणालो, तेही त्याच्या, म्हणजे पाहुण्या टीमच्या डॉक्टरसमोर. तू फक्त "तू जा" म्हणालास. मी गेलो.

पण मलाही समजून घे ना जरा. एकतीस वर्षं या फुटबॉलच्या मैदानाचं गवत मी वाढवतोय. किती कोच आले, किती गेले, टीम दोनदा खाली घसरली, दोनदा वर आली. या सगळ्यात माझ्या मैदानापायी एक सामना कधी पुढे ढकलला गेला नाही. अशा माणसाला सीझनच्या पहिल्याच सामन्यानंतर सख्खा भाऊ विचारतो, मैदानात काही होतं का, तर झोंबणारच की!

आणि बुटांचं मी काही खोटं बोललो नाही. त्याच्या टीमच्या कोचने सगळ्यांना लांब स्टडचे, तळाला लांब खुंट्या असलेले बूट घालायला सांगितले होते. आपल्या दिवट्याने घातले आखूड स्टडचे. त्याला लांब स्टड टोचतात, लहानपणापासून टोचतात, ते मला काय माहीत नाही? पण वरच्या लीगमधला पहिला सामना, अंगात नव्या टीमची जर्सी, तिथे तरी कोचचं ऐकावं. असो. पडलेल्या पोराला काय बोलायचं.

डॉक्टर म्हणतात गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन झालं तर आठ महिन्यांत पळायला लागतात पोरं, मी पाहिलंय. त्याची टीम त्याला सोडणार नाही. सीझनच्या पंचवीस खेळाडूंची यादी लीगकडे ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी जाते. यादीत नाव असलं की ऑपरेशन, व्यायाम, डॉक्टर, सगळं टीमकडे. मग तुम्हाला घोर नाही.

तुझी वहिनी रोज विचारते, बोललात का भावाशी? मी हो म्हणून सांगतो. तेवढं खोटं सांभाळून घे आणि एक फोन कर.

दादा


१२ ऑगस्ट

धाकल्या,

तुझा फोन काही आला नाही. आठ दिवस वाट पाहिली. डेपोत फोन केला तर तुझा तो जोडीदार म्हणाला, "इंजिनाखाली आहेत." दुपारी केला तरी इंजिनाखाली, संध्याकाळी केला तरी इंजिनाखाली. एवढा वेळ कुठल्या बसच्या इंजिनाखाली असतोस रे बाबा?

आमच्याकडे सगळे हवेत आहेत. दोन सामने, दोन जिंकले, तक्त्यात पहिला नंबर. कॅन्टीनवाल्याने लीगचा कप ठेवायला काचेचं कपाट रिकामं केलंय, बशा जमिनीवर मांडल्यात. ऑगस्टमधला तक्ता म्हणजे काय असतो ते मी एकतीस वेळा पाहिलंय, पण सांगायचं कुणाला? गेटवरचा म्हातारा मला म्हणतो, "गवतेबुवा, यंदा आपलंच." मी हसतो आणि पाण्याचा नळ सोडायला जातो.

मी हसतोय असं समजू नकोस. भिंगरीच्या टीमने त्याला पत्र दिल्याचं मला कळलं. तुझ्याकडून नाही, आमच्या ऑफिसातून कळलं, कारण त्या पत्रात माझं नाव आहे. नाव म्हणजे हुद्दा. "मैदानाच्या मुख्य माळ्याच्या मतेही दुखापत अयोग्य बुटांमुळे झाली." खेळाडूने कोचची सूचना मोडली, सबब दुखापतीची जबाबदारी त्याची, सबब यादीत नाव घालायचं की नाही याचा विचार महिनाअखेरीस होईल.

मी रागाच्या भरात एक वाक्य बोललो, त्या डॉक्टरने ते टिपून घेतलं. मी काय साक्ष द्यायला उभा होतो? तोंडातून गेलं ते गेलं.

आता एक सांगतो, पण त्याचा डोंगर करू नकोस. पश्चिमेकडच्या स्टँडखाली जो कोपरा आहे, जिथे दुपारनंतर सावली असते, जिथे पोरगं पडलं, तो कोपरा यंदा जरा नाजूक होता. जरा. प्रत्येक मैदानाला एखादी अशी जागा असते. उन्हाळ्यात आमच्या साहेबांनी मैदान गाण्याच्या कार्यक्रमाला दिलं, नऊ दिवस वर लाकडी स्टेज, खाली सगळं गवत पिवळं पडून मेलं. मग जुलैत नवं गवत आणलं. ते गालिच्यासारखं गुंडाळून येतं, उलगडायचं, जमिनीवर दाबून बसवायचं, पाणी घालायचं आणि मूळ धरायची वाट पाहायची. ऊन असेल तिथे तीन आठवड्यांत धरतं. सावलीत वेळ लागतो.

बाकी मैदान दगडासारखं पक्कं होतं. हे लिहिलं कारण तू विचारलं होतंस.

भिंगरीची सूज उतरली का? एवढं तरी कळव. कार्ड टाक, नुसतं "उतरली" लिहून.

दादा


१९ ऑगस्ट

धाकल्या,

तुझ्या वहिनीने मला पकडलं.

तुला माहीत आहे, तिला फुटबॉलमधलं काडीचं कळत नाही. तीस वर्षांत तिने सामन्याबद्दल मला एकच प्रश्न विचारलाय, "जेवायला कधी येणार?" पण परवा तिने शेजारच्या मुलीकडून तो सामना टीव्हीवर लावून घेतला, पोरगं कसं पडलं ते बघायला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बाई हातात रिमोट घेऊन बसलेली.

"अहो, आपली टीम त्या कोपऱ्यात एकदाही कशी गेली नाही?"

"कुठल्या?"

"उगाच कुठल्या काय! सावलीतल्या. पहिल्या अर्ध्यात तुमचा तो लांब केसांचा पळतो, कोपरा आला की आत वळतो. प्रत्येक वेळी. दुसऱ्या अर्ध्यात भिंगरी त्या बाजूला आला, तर तुमचा माणूस दोन हात लांब उभा. तो टीव्हीवर बोलणारासुद्धा म्हणतोय, किती मोकळी जागा देतोय. का?"

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि तिच्यासमोर बसलो. तिला खोटं सांगायला जीभ रेटेना.

आता तुलाही सांगतो. कोपरा जरा नाजूक नव्हता. कच्चा होता. मी रोज सकाळी नळीसारखी सुरी जमिनीत घालून मातीचा तुकडा काढतो आणि मूळ किती गेलंय ते मोजून वहीत लिहितो. सगळीकडे बोटभर, दीड बोट. त्या कोपऱ्यात अर्धं बोटही नाही, तेसुद्धा पांढरं, केसासारखं. हाताने धरून ओढलं तर गालिचा उचलला गेला. एक ऑगस्टला. सामन्याच्या आदल्या दिवशी.

त्याच दिवशी दुपारी लीगचा तपासनीस आला. तरुण माणूस आहे, माझा मान ठेवतो. मधल्या वर्तुळात चालला, गोलसमोर टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "गवतेबुवा, तुम्ही सांगाल ते." त्याने कागद पुढे केला. मी लिहिलं, सर्वत्र मूळ धरले आहे. आणि सही.

नसतं लिहिलं तर सामना पुढे गेला असता. आठ दिवस. बस, एवढंच. कुणी मला फासावर देणार नव्हतं. पण सीझनचा पहिला सामना, सगळी तिकिटं गेलेली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेपरात आलं असतं की मैदान तयार नाही. माझं मैदान. मला ते सहन होणार नव्हतं. मीपणा म्हण, दुसरा शब्द नाही.

सही केल्यावर मी आमच्या पेटीमास्तरला, तोच, बूट-जर्सी सांभाळणारा, हळूच सांगितलं की पोरांना म्हणावं त्या कोपऱ्यापासून जपून. त्याने मान हलवली. हे सगळीकडे चालतं, धाकल्या. प्रत्येक मैदानाचं काही ना काही गुपित असतं, घरच्या टीमला ते सांगायचं आणि पाहुण्यांना नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी हेच शिकवलं. पाहुणा विचारेल मैदान कसं आहे, त्याला नेहमी छान म्हणायचं.

तुझी वहिनी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे अकरा परक्यांना ठाऊक होतं. आणि आपल्या पोराला नाही?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते, पाणी ठेवते, आत जाते. घरात दोन माणसं आणि भांड्यांचा आवाज.

तुला हे कळवलं. आता काय ते बोल. शिव्या घाल, पण बोल.

दादा


२६ ऑगस्ट

धाकल्या,

तुझी शिवी पण आली नाही.

गेल्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. नव्हतं सांगितलं. चोराने अर्धी चोरी कबूल करावी तसं झालं ते. उरलेलं आज लिहितो, कारण यादी जायला पाच दिवस राहिलेत.

हाफटाइमला आम्ही माळी लोक काटे घेऊन मैदानात उतरतो. उचकटलेलं गवत काट्याने खाली दाबायचं, वर बुटाने चेपायचं. मी मुद्दाम सावलीच्या कोपऱ्यात गेलो. पहिला हाफ पोरगं उन्हाच्या बाजूला खेळलं होतं, मी निर्धास्त होतो. आता बाजू बदलणार, आता तो इकडे येणार, हे मला कळत होतं. मी तो कोपरा चेपत राहिलो. किती चेपशील? मूळच नाही तर चेपून काय होणार?

तेवढ्यात तोच आला. बाकीचे अजून आत होते, हा एकटा आधी बाहेर आला, बाटली हातात. माझ्यापासून तीन पावलांवर थांबला. तोंड सगळं लाल झालेलं, पण काय खूश होता! म्हणाला, "काका, या बाजूला कसंय रे? बूट बदलू का?"

धाकल्या, त्या क्षणी मी त्याला म्हणू शकलो असतो, कडेला जाऊ नकोस. पाच शब्द लागले नसते. कुणी ऐकलं नसतं. पण समोर आमचा कोच बाहेर येत होता, पेटीमास्तर बघत होता, आणि पोराच्या अंगात पाहुण्या टीमची जर्सी. एकतीस वर्षांची सवय तोंडातून बोलली. मी म्हणालो, "एकदम झकास आहे. पळ तू."

तो हसला आणि पळाला.

दुसऱ्या हाफच्या अकराव्या मिनिटाला बॉल आला. आमच्या बॅकने जागा सोडली, त्याला माहीत होतं ना. पोरगं सुसाट आलं आणि वळलं, ते जसं वळतं, ज्याच्यावरून आपण त्याला भिंगरी म्हणतो. पायाखालचा गालिचाच सरकला. ताटाएवढा तुकडा बाजूला गेला, दुमडला. पाय त्याच्याबरोबर गेला आणि अंग जागेवर राहिलं.

बुटांचा काही संबंध नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. लांब स्टड असते तरी हेच झालं असतं, उलट जास्त झालं असतं, कारण लांब स्टडने गालिचा अजून घट्ट धरला असता. हे सांगू शकणारा माणूस त्या स्टेडियममध्ये एकच होता.

आणि त्याने काय केलं? स्ट्रेचर आलं, सगळे पोराभोवती जमले, कॅमेरे त्याच्या तोंडावर. मी धावत गेलो. पोराकडे नाही. मी तो दुमडलेला तुकडा उलगडला, जागेवर बसवला आणि बुटाने चेपला. दोन मिनिटांत तिथे काही झालंच नव्हतं असं दिसायला लागलं. मी हे ठरवून केलं नाही रे. गवत उचकटलं की हात आपोआप जातात. पण चेपून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते, आणि तरी मी गप्प बसलो. वर दवाखान्यात येऊन पोराच्या बुटांवर ढकललं.

सोबत वहीचं पान फाडून पाठवतोय. एक ऑगस्टचं. माझ्या हातचं आहे, खाली सही आहे. "सावलीचा कोपरा, मूळ अर्धं बोट, ओढल्यास उचलतो." हे पान भिंगरीच्या टीमच्या ऑफिसात दिलंस की त्यांचं ते बुटांचं पत्र रद्दी. पोराचं नाव यादीत जाईल. माझं काय व्हायचं ते होईल, नोकरी जाईल, लीगवाले दारातसुद्धा उभं करणार नाहीत. त्याला मी लायक आहे.

आता सगळं तुझ्या हातात दिलंय. तू करशील ते मला मान्य.

दादा


१ सप्टेंबर

धाकल्या,

काल काय काय झालं त्यातलं निम्मं तुला माहीत आहे, निम्मं नाही. मी तुमच्या घरी आलो तसा तू चपला घालून बाहेर पडलास, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते तुला कळायला पाहिजे.

पाच दिवस मी वाट पाहत होतो. रोज सकाळी वाटायचं, आज साहेब बोलावतील. आज लीगवाल्यांचा फोन येईल. कुणी आलं नाही. मी मनाशी म्हटलं, धाकला विचार करतोय. मग म्हटलं, डूख धरून बसलाय, पण आज देईल. पोराचा बाप आहे, देणारच.

काल सकाळी अकराला मी गोलसमोर पाणी मारत होतो, तर भिंगरीची आई साइडलाइनवर उभी. बाई आयुष्यात कधी एकटी तिथे आली नव्हती. चप्पल काढून हातात घेतली होती, गवतावर यायचं म्हणून. मी म्हटलं, "अगं, घाल ती चप्पल." तिने घातली नाही. पदराआडून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. तेच पान. चार घड्या, घडीवर ग्रीसचा डाग.

"दादा, हे पाच दिवस खिशात घेऊन फिरतायत. कामाला नेतात, परत आणतात. शर्ट धुवायला टाकताना काढतात, नव्या शर्टात ठेवतात. मी रोज म्हणते, अहो द्या ना. तर म्हणतात, मी नाही देणार."

"का?"

"म्हणतात, दादाचा कागद दादानेच द्यायचा. मी दिला तर मी भावाला विकला असं होईल. तो येईल म्हणाले. रोज म्हणतात, आज येईल."

मी तिथेच ओल्या गवतावर बसलो. मला वाटत होतं मी कागद पाठवून माझ्या वाटणीचं केलं. तू मी येईन म्हणून थांबला होतास, आणि मी इकडे पाच दिवस तुझ्या नावाने बोटं मोडत होतो. एका बाजूला पोरगं, एका बाजूला मी, आणि मधे तुला उभं केलं मी. हे जे केलं ना मी तुझ्याशी, ते कोपऱ्यापेक्षा वाईट. कोपरा तरी सवयीने झाला. हे मी विचार करून केलं.

मी तसाच निघालो. पान घेतलं, अख्खी वही घेतली, अंगावर चिखलाचे कपडे. आमच्या साहेबांच्या टेबलावर माझ्या अवजारांच्या कपाटाची किल्ली ठेवली आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "गवतेबुवा, आता हे कुणाला सांगायची गरज आहे का?" मी म्हटलं, आहे. मग ते म्हणाले, "तर उद्यापासून येऊ नका." ठीक आहे म्हटलं.

दोन तास बस. पावणेतीनला भिंगरीच्या टीमच्या ऑफिसात पोचलो. तिथल्या बाईंनी वही पान न पान वाचली. मॅनेजरला बोलावलं, त्याने वाचली. मी तपासनिसाच्या कागदाचं सांगितलं, हाफटाइमचं सांगितलं, तुकडा चेपल्याचं सांगितलं. सगळं त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. ही सही खरी.

मग मी विचारलं, "पोराचं नाव आता घालाल ना?"

मॅनेजर बाईंकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "यादी दोन वाजता गेली, काका. एकदा गेली की जानेवारीपर्यंत बदलता येत नाही. काल आला असतात तर..."

त्याच्या आदल्या दिवशी मी कुठे होतो? मैदानावर. आमच्या टीमने पाचवा सामना जिंकला, मी काटा घेऊन गवत चेपत होतो.

ऑपरेशन ते करतील. ते बुटांचं पत्र मागे घेतलं, तसं लिहूनही दिलं, ते मी भिंगरीच्या आईकडे दिलंय. पण यादीतली त्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली. जानेवारीत पाहू म्हणाले. मला माहीत आहे, जानेवारीत पाहू म्हणजे काय, आणि तुलाही माहीत आहे.

तिथून मी तुमच्याकडे आलो. तू दारातच होतास. पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो.

भिंगरी पलंगावर होता, पायाखाली दोन उशा. मी स्टूल ओढून बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. गाण्याचा कार्यक्रम, गालिचा, सही, पेटीमास्तर. मग हाफटाइम. त्याच्याकडे बघून सांगवेना म्हणून मी त्याच्या पायाकडे बघून सांगितलं. मी म्हटलं आता काहीतरी फेकून मारेल. मारू दे. मला तेच हवं होतं बहुतेक.

पण तो म्हणाला, "काका, म्हणजे मी पाय बरोबर टाकला होता?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"वळताना. माझं वजन मागे नव्हतं ना गेलं?"

"नाही रे."

"कोच म्हणाले तू घाई केलीस. डॉक्टर म्हणाले बूट. बाबा म्हणाले, होतं कधी कधी. मी रोज ते बघतो मोबाईलवर, काका. थांबवून थांबवून बघतो. मला माझी चूक सापडतच नाही. महिना झाला, मला वाटतंय, आपली चूक जर आपल्याला दिसतच नसेल तर आपल्याला खेळ येतच नाही. मी आईला सांगितलंसुद्धा, पाय बरा झाला तरी आता नाही खेळणार."

"तू बरोबर वळलास," मी म्हटलं. "जमीन सरकली. तू काही चुकला नाहीस."

"नक्की?"

"नक्की."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग त्याने उशी तोंडावर घेतली आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याने तो काढला. बरोबर केलं त्याने.

यादीचं त्याने एका शब्दाने विचारलं नाही, धाकल्या. मी महिनाभर त्या यादीच्या, नोकरीच्या, माझ्या नावाच्या काळजीत होतो, आणि पोराला फक्त एवढंच ऐकायचं होतं. दवाखान्यात तू मला विचारलंस तेव्हाच मी ते म्हणू शकलो असतो. तो आत दहा पावलांवर होता.

मी निघालो तेव्हा तू फाटकापाशी पाठ करून उभा होतास. मी हाक मारली नाही. माफी मागायला हे लिहीत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. एकच काम सांगतो आणि मग नाही लिहिणार. आज कामावरून आलास की त्याच्याजवळ बस आणि तूही त्याला सांग, "तू बरोबर वळला होतास." त्याने काल तीनदा विचारलं, म्हणजे त्याला अजून खरं वाटलेलं नाही. आणि ते सांगणारा मी होतो.

दादा